नक्षी नव्हे, जमिनीचा दस्तऐवज

महोदय,

ऑस्ट्रेलियातील आदिवासी स्त्रियांच्या सामूहिक चित्रांवरचा लेख आपल्या रविवार पुरवणीत वाचला. त्यात या चित्रांना ‘ठिपक्यांची मोहक नक्षी’ म्हटले आहे, ते पटले नाही. कॅनव्हास जमिनीवर अंथरून स्त्रिया त्याच्या चहूबाजूंनी बसतात आणि प्रत्येकजण आपल्या बाजूने रंगवत आत सरकते. कोणता पाणवठा, कोणती टेकडी कोणी रंगवायची, हे आवडीवर नव्हे, तर त्या जागेची कथा सांगण्याचा अधिकार कोणाचा यावर ठरते.

सात बहिणींची कथाच घ्या. मागे लागलेल्या पुरुषापासून पळताना त्यांनी वाळवंटातली स्थळे घडवली आणि शेवटी त्या आकाशात गेल्या. आपण त्यांनाच कृत्तिका म्हणतो! केन घराण्यातील पाच बहिणींनी मिळून रंगवलेल्या या कथेला २०१६ मध्ये ऑस्ट्रेलियातला विन हा कलापुरस्कार मिळाला, आणि तोही निसर्गचित्र म्हणून.

पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटातील स्पिनिफेक्स या आदिवासी लोकांनी तर जमिनीच्या दाव्यासाठी स्त्रियांचे वेगळे आणि पुरुषांचे वेगळे अशी सामूहिक चित्रे रंगवली. दक्षिण ऑस्ट्रेलियातील मरालिंगा येथे ब्रिटनने केलेल्या अणुचाचण्यांच्या काळात ज्या भूमीतून त्यांना हलवले गेले, तिच्यावरचा त्यांचा हक्क २००० साली मान्य झाला. अशा चित्राला नक्षी कसे म्हणायचे?

लेखासोबतच्या छायाचित्राखाली केवळ ‘आदिवासी कला’ असे छापले आहे. तिथे चित्रकर्तींची नावे हवी होती. पुढील अंकात ती द्यावीत, ही विनंती.

– एक नियमित वाचक, सातारा