चढावरून दिसणारं ऑलिव्ह

माद्रिद,
१० डिसेंबर

प्रिय बंड्या,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर तू पुन्हा सायकलवर बसलास, हे वाचून फार आनंद झाला. डॉक्टरांनी सपाट रस्त्याची परवानगी दिली आहे, तर सध्या तेवढंच कर. घाट कुठे पळून जात नाहीत.

पत्राच्या शेवटी तू एक प्रश्न विचारलास आणि तो माझ्या डोक्यातून जाईना. ‘नजर पोचेल तिथवर एकच झाड, तेही ओळीत लावलेलं. त्यात दिवसभर सायकल चालवून कंटाळा येत नाही का?’ इथे डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात दोन सुट्ट्या जवळजवळ येतात. त्या साधून मी पुन्हा दक्षिण स्पेनमधल्या हाएन प्रांतात जाऊन आलो, आणि तुझा प्रश्न बरोबर घेऊनच गेलो होतो. म्हणून हे पत्र जरा लांबणार आहे.

प्रश्न चुकीचा नाही. हाएनमध्ये ऑलिव्हची ६ कोटींहून जास्त झाडं आहेत. माद्रिदहून आगगाडी डोंगर ओलांडून दक्षिणेला आंदालुसियात उतरली की खिडकीबाहेर जे सुरू होतं ते संपतच नाही. गाडीतून बघितलं तर तू म्हणतोस तसंच दिसतं: करड्या-हिरव्या ठिपक्यांच्या रांगा, टेकडीमागून टेकडी. पण चढावर सायकलचा वेग ताशी आठ-नऊ किलोमीटरवर येतो, तेव्हा हीच बाग वेगळी दिसायला लागते.

उबेदाहून निघालो. उबेदा आणि शेजारचं बाएसा या दोन गावांना २००३ मध्ये युनेस्कोनं जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. सोळाव्या शतकातल्या दगडी इमारतींसाठी लोक लांबून येतात. सकाळी थंडी मी म्हणत होती. बारमध्ये भाजलेल्या पावावर किसलेला टोमॅटो आणि वर ऑलिव्हच्या तेलाची धार, सोबत दुधाची कॉफी. इथले सायकलवाले याच्यावरच निघतात आणि मलाही आता दुसरं काही सुचत नाही. गाव उंचावर आहे, त्यामुळे सुरुवातीलाच लांबलचक उतार लागतो, थेट ग्वादाल्किविर नदीपर्यंत. खाली दरीत धुकं साचलेलं होतं. पूल ओलांडला की होदार गावाकडचा चढ सुरू होतो आणि समोर सिएरा माहिनाची रांग उभी राहते. तिचं सर्वात उंच शिखर २१६७ मीटरचं, प्रांतातलंही सर्वात उंच.

खालच्या मोकळ्या जमिनीत नव्या पद्धतीच्या बागा आहेत. झाडं दाटीनं लावलेली, कुंपणासारखी, ठिबकवर वाढवलेली. यंत्र वरून जातं आणि फळ काढून घेतं. तिथे मलाही फार काही बघावंसं वाटत नाही. बेदमार मागे पडलं आणि आल्बांचेसकडे वळलो की जमीन उभी होते. वर कड्यावर एक छोटा किल्ला चिकटलेला दिसतो आणि त्याच्या खाली उतारावर जुनी झाडं. एकेका झाडाला दोन किंवा तीन खोडं, जमिनीतून वेगवेगळ्या दिशांना फुटलेली, मध्ये पोकळी. दोन झाडांमध्ये दहा-बारा मीटरचं अंतर, कारण पावसाच्या पाण्यावरच जगायचं तर प्रत्येकाला आपली जमीन हवी. कुठे माती पांढरट, कुठे तांबडी. काही शेतकरी झाडांमधलं गवत राखतात, तिथे माती धरून राहते. शेजारच्याच शेतात सगळं खरवडून टाकलेलं असतं आणि पावसानं पडलेल्या घळी रस्त्यापर्यंत आलेल्या असतात. वाऱ्याची झुळूक आली की पानांची मागची बाजू वर येते आणि सगळा उतार एकदम चंदेरी होतो.

या दिवसांत तोडणी जोरात असते. आल्बांचेसहून तोर्रेसकडे जाणाऱ्या घाटात वळणावर एक टोळी काम करत होती, तिथे मी सायकल टेकवून थांबलो. सपाटीवर ट्रॅक्टरला जोडलेला यांत्रिक हात खोड पकडून हलवतो आणि काही सेकंदांत फळांचा सडा पडतो. इथे उतारावर ट्रॅक्टर उभाच राहत नाही. झाडाखाली मोठ्या जाळ्या पसरायच्या, लांब काठ्यांनी फांद्या झोडायच्या, मग भरलेली जाळी चौघांनी ओढत खाली न्यायची. काठी मारण्याचं कसब मी बराच वेळ बघत होतो. फांदीवर समोरून मारत नाहीत, तिच्या अंगानं तिरकी फिरवतात. समोरून मारली तर कोवळी डहाळी तुटते, आणि पुढच्या वर्षीचं फळ त्याच डहाळीवर येणार असतं. एक म्हातारे गृहस्थ तरुण पोराला हेच दाखवत होते, त्याच्या हातावर हात ठेवून.

टोळीतले दोघे सेनेगलचे, एक मोरोक्कोचा. हंगामात असे हजारो मजूर बाहेरून येतात, गावोगावी त्यांच्यासाठी तात्पुरते निवारे उघडतात, काम संपलं की पुढच्या पिकाकडे जातात. मला आपल्या ऊसतोडीच्या टोळ्या आठवल्या. कोयता घेऊन बीडहून निघणारी माणसं तू आणि मी लहानपणापासून बघत आलोय. सेनेगलच्या त्या पोरानं माझ्या सायकलकडे बघून किती किलोची आहे ते विचारलं, उचलून पाहिली, आणि पुन्हा जाळीकडे गेला.

त्या दिवसांत रस्त्याची एक गोष्ट लक्षात ठेवायला लागते. ट्रॉल्यांमधून सांडलेली फळं वळणावर चिरडली जातात, त्यात ट्रॅक्टरच्या चाकांचा चिखल. तेलच ते, टायर सरकतो. त्यामुळे हिवाळ्यात मी ३० मिलिमीटरचे टायर लावतो, हवा जरा कमी ठेवतो आणि उतारावर वळणाच्या आधीच वेग मोडतो.

संध्याकाळी तेलाच्या गिरणीपुढे ट्रॉल्यांची रांग लागलेली असते. आधी पानं उडवून टाकतात, फळ धुतात, वजन करतात, मग बियांसकट ठेचून त्याचा लगदा हळूहळू घुसळत ठेवतात. तापमान २७ अंशांच्या वर जाऊ देत नाहीत, नाहीतर वास उडून जातो. साधारण ५ किलो फळातून १ लिटर तेल निघतं. गिरणीवाल्यानं छोट्या पेल्यात ताजं तेल दिलं, गढूळ हिरवं. हाएनमध्ये मुख्यतः पिकुआल जातीचं ऑलिव्ह होतं. त्याच्या ताज्या तेलाला टोमॅटोच्या पाल्याचा वास येतो, आणि घोट गिळला की क्षणभरानं घशात तिखट लागून ठसका येतो. हा ठसका म्हणजे तेल चांगलं असल्याची खूण.

बंड्या, तुझ्या प्रश्नाचं माझं उत्तर या उभ्या उतारांत आहे. सगळ्यात सुंदर रस्ते जिथून जातात, नेमक्या तिथल्याच बागा तगून राहणं सगळ्यात अवघड आहे. यंत्र चालत नाही म्हणून मजुरी जास्त, पाणी नाही म्हणून पीक कमी, आणि बाजारात भाव मात्र सपाटीवरच्या तेलाचाच. त्यात दुष्काळ. २०२१-२२ च्या हंगामात स्पेनमध्ये जवळपास १५ लाख टन तेल निघालं होतं, पुढच्याच हंगामात ते ७ लाख टनांच्याही खाली आलं. नंतर दुकानात लिटरला ९ युरोंच्या पुढे भाव गेला, पण ज्याच्या झाडावर फळच नाही त्याला त्या भावाचं काय? काही उतार सोडून दिलेले दिसतात. खोडाभोवती फुटवे माजलेले, फांद्या छाटलेल्या नाहीत. चढताना अशी बाग आली की मला खरंच वाईट वाटतं. म्हणून मी तेल नेहमी डोंगरातल्या सहकारी गिरणीचंच घेतो, पाठीवरच्या पिशवीत मावेल तेवढं, आणि तूही आलास की तेच घ्यायचं.

शर्यतीबद्दल विचारलं होतंस. २०२२ पासून याच भागात फेब्रुवारीत एक दिवसाची शर्यत होते, बागांमधल्या कच्च्या रस्त्यांवरून. २०२३ मध्ये ती स्लोव्हेनियाच्या पोगाचारनं जिंकली. हाएनजवळच्या ला पांदेराच्या चढावर व्हुएल्ता, म्हणजे स्पेनची तीन आठवड्यांची मोठी सायकल शर्यत, अनेकदा गेली आहे. २०२२ मध्ये तिथला टप्पा इक्वेडोरचा कारापास जिंकला. मी तिकडे गेलेलो नाही. मला कासोर्लाकडचा रस्ता जास्त आवडतो. बुरुंचेल गाव सोडून पालोमास खिंडीकडे चढत गेलं की एका टप्प्यावर ऑलिव्ह संपतं आणि पाइन सुरू होतो. खिंडीत डोक्यावर गिधाडं घिरट्या घालत असतात. मागे वळून बघितलं की ऑलिव्हचा सगळा पसारा खाली, आणि पलीकडच्या दरीत ग्वादाल्किविर नुकतीच जन्मलेली, एवढीशी.

आता तुझ्या गुडघ्याचं. चढाची काळजी करू नकोस, तुझ्यासाठी मी वेगळा रस्ता काढून ठेवलाय. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी इथलं तेल वाहून न्यायला रेल्वे टाकली होती. १९८० च्या दशकात ती बंद पडली आणि रूळ काढून तिचा सायकलमार्ग केला. हाएनपासून पुएंते हेनिलपर्यंत सुमारे १२८ किलोमीटर, बोगद्यांतून आणि जुन्या लोखंडी पुलांवरून. रेल्वेचाच मार्ग, त्यामुळे चढ अगदी सौम्य. तीन-चार दिवसांत आरामात होईल. मार्तोस, आल्काउदेते, सुएरोस अशी मुक्कामाची गावंही वाटेवर किंवा जवळच आहेत. रस्त्यावर यायचं झालं तरी घाबरू नकोस. इथे सायकलला ओलांडताना गाडीनं किमान दीड मीटर अंतर ठेवायचं असा कायदा आहे, आणि घाटात गाड्या खरोखर मागे थांबतात, हॉर्न न वाजवता. पहिल्यांदा मला त्याची इतकी सवय नव्हती की मीच बाजूला होत होतो.

मार्चच्या शेवटी ये. उन्हाळ्यात इथे पारा चाळिशीच्या वर जातो, आणि मे महिन्यात ऑलिव्हला मोहोर येतो तेव्हा परागकण इतके उडतात की तुझ्या दम्याला ते झेपायचे नाहीत. सायकल आणू नकोस, माझी जुनी तुझ्या मापाची आहे. मागच्या चाकाला ३४ दात्यांपर्यंतची कॅसेट (दातेरी चकत्यांचा संच) बसवून ठेवतो, म्हणजे चढ हलका जाईल. पेडल आणि बूट तेवढे तुझे आण. डॉक्टरांना विचारून तारखा कळव, म्हणजे खोल्या सांगून ठेवतो.

काकूंना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझाच,
सदा