आखूड 'को' आणि लांब 'को'

आदरणीय अक्का,

सादर नमस्कार.

ऑर्केस्ट्रातून गाऊ लागल्याला मला ४० हून अधिक वर्षे झाली आणि गेल्या महिन्यात निपाणीच्या कार्यक्रमानंतर मी गाणे थांबवले. सत्काराच्या वेळी वादक, आयोजक, माइकवाले अशा सर्वांचे आभार मी मानले. तुमचे नाव मात्र राहू दिले, कारण तुमचे ऋण दोन वाक्यांत उरकणे मला प्रशस्त वाटेना. म्हणून हे जाहीर पत्र.

बेळगावच्या शहापुरात आपली घरे भिंतीला भिंत लागून होती. तुम्ही कन्नड शाळेत शिकवत होता आणि मला कन्नड येत होते ते भाजी घेण्यापुरते. आपल्याकडे गणेशोत्सवात फर्माइशीच्या चिठ्ठ्या मराठी, हिंदी आणि कन्नड अशा तिन्ही भाषांतल्या गाण्यांसाठी यायच्या. कन्नड गाणी मी देवनागरीत उतरवून घेऊन म्हणत असे आणि आपले उत्तम चालले आहे, असे समजत असे.

एका रात्री गल्लीतल्याच मंडपात मी एका प्रेमगीतात 'कोडु' या शब्दातला 'को' लांबवला आणि पुढे बसलेल्या बायका पदराआड हसल्या. दुसऱ्या दिवशी तुम्ही मला कट्ट्यावर बसवून सांगितलेत, की कन्नडात 'ए' आणि 'ओ' हे स्वर ऱ्हस्वही असतात आणि दीर्घही. आखूड 'कोडु' म्हणजे दे आणि लांब 'कोडु' म्हणजे शिंग. प्रेयसीजवळ मन मागता मागता मी शिंग मागून बसलो होतो! मराठीत लिहिताना या दोन 'ओ'ंसाठी एकच मात्रा असल्याने माझ्या वहीत हा फरक उमटणेच शक्य नव्हते. "मग लिपीच शीक," म्हणून तुम्ही पाटी पुढे सरकवलीत. पुढचे सगळे वर्ष, शाळेच्या वह्या तपासून झाल्यावर, तुम्ही माझ्याकडून एकेक कडवे आधी वाचून घेत होता आणि अर्थ सांगता आल्याखेरीज चालीवर म्हणू देत नव्हता. सूर धरायचाच असेल तर तो 'डु'वर धर, 'को'ला हात लावू नकोस, ही तुमची सूचना मला कोणत्याही संगीत शिक्षकाने दिली नसती.

भाषेवरून गावात वातावरण तापले, की दोन्हीकडचे लोक मला अडवत. मराठी पोराने कन्नड कशाला गावे, असे काहींना वाटे, तर काहींना माझ्या तोंडी कन्नड रुचत नसे. तुम्ही तेव्हा वाद घातला नाहीत. सुळेभावीत १९२४ साली जन्मलेल्या कुमार गंधर्वांच्या घरची भाषा कन्नड होती आणि कन्नड चित्रपटांतले नायक राजकुमार यांच्यासाठी पडद्यामागून गाणारे पी. बी. श्रीनिवास तेलुगू होते, एवढेच तुम्ही सांगितलेत आणि पाटी पुसायला घेतलीत.

पुढे कॅसेटच्या दिवसांत मी कन्नड भक्तिगीते ध्वनिमुद्रित केली, तेव्हा तिथल्या वादकांनी मला धारवाडकडचा समजून गाव विचारले. ती कॅसेट तुमच्या हाती दिली, तर दोनदा ऐकून तुम्ही दुसऱ्या बाजूच्या तिसऱ्या गाण्यातला एक 'ळ' चुकल्याचे सांगितलेत. तो अजूनही चुकलेलाच आहे, अक्का. कॅसेटवर खाडाखोड करता येत नाही.

तुमचा,
भिंतीपलीकडचा गायक