कुत्रा चावल्याची भरपाई कुणाच्या दारात मागायची?

प्रति,
मा. नगरविकास मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

सप्रेम नमस्कार.

आमच्या पुणे जिल्ह्यात, जुन्नर-शिरूरच्या उसाच्या पट्ट्यात बिबट्याच्या हल्ल्यात माणूस दगावला, तर वनखातं पंचनामा करतं आणि वारसांना २५ लाख रुपये मिळतात. कोर्टकचेरी करावी लागत नाही. त्याच जिल्ह्यात, पुणे शहरात भटका कुत्रा चावला तर लस फुकट टोचतात आणि फाइल तिथेच बंद. जनावर बदललं की सरकारची जबाबदारी कशी काय संपते?

“लस फुकट आहे ना, मग आणखी काय पाहिजे?” हे मला एका सरकारी टेबलापलीकडून ऐकवलं गेलं आहे. तर हे ‘आणखी’ काय असतं ते सांगतो.

आमच्या सोसायटीत पेपर टाकणाऱ्या मुलाच्या पोटरीला पहाटे कुत्र्याने धरलं. चार दात आत गेले. आधी साबण लावून नळाखाली पंधरा मिनिटं जखम धुतली, मग त्याला गाडीवर मागे बसवून दवाखान्यात नेलं. जखम खोल, म्हणून नुसती लस पुरत नाही, रेबीजविरोधी सीरमही लागतं. पुष्कळांना वाटतं की ते दंडात किंवा कमरेत देतात. तसं नाही. सुई जखमेतच घालतात, एकेका भोकाच्या कडेने फिरवत. बाकाची कड धरून बसलेल्या त्या मुलाची बोटं पांढरी पडली होती. अशा जखमेला शक्यतो लगेच टाकेही घालत नाहीत. हातात कार्ड दिलं: आज, मग तिसरा दिवस, सातवा आणि अठ्ठाविसावा. त्या प्रत्येक तारखेला कामावर खाडा. पाय सुजल्यामुळे सायकल बंद, आणि सायकल बंद म्हणून त्याची लाइन दुसऱ्या पोराकडे गेली. एकदा गेलेली लाइन परत मिळत नाही, हे कुठल्याही पेपरवाल्याला विचारा.

आता हे नुकसान त्याने मागायचं कुणाकडे? महापालिकेवर दावा लावायचा तर महापालिका अधिनियमाचं कलम ४८७ आडवं येतं. आधी लेखी नोटीस, मग महिनाभर थांबायचं, आणि तरी सहा महिन्यांच्या आत दावा दाखल झाला पाहिजे. तोवर वकिलाची फी आणि शिवाजीनगर कोर्टाच्या चकरा. वर पालिकेचा हलगर्जीपणा शाबीत करायचा. २०२३ च्या प्राणी जन्मनियंत्रण नियमांप्रमाणे भटक्या कुत्र्यांची नसबंदी आणि लसीकरण ही स्थानिक संस्थेची जबाबदारी आहे, आणि नसबंदी झालेल्या कुत्र्याच्या कानाला खूण करतात. म्हणजे पालिका चुकली हे दाखवायला, पहाटेच्या अंधारात पोटरीत दात रुतलेले असताना या मुलाने कुत्र्याचा कान बघायला हवा होता! त्यातही हद्दीची गंमत आहेच. बोपोडीत चावला तर महापालिका, चार पावलं पुढे खडकीत चावला तर कॅन्टोन्मेंट बोर्ड. कुत्र्याला ही हद्द कोण शिकवणार?

पाळलेल्या कुत्र्याचं थोडक्यात सांगतो, कारण तिथे निदान मालक असतो. भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ मध्ये निष्काळजी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड आहे. गुन्हा दखलपात्र आहे. तरीही “आपसात मिटवा” हा सल्ला आधी मिळतो, आणि दंड झालाच तर तो सरकारजमा होतो. ज्याचा पाय फाटला, त्याला मलमपट्टीचा खर्चही आपणहून मिळत नाही.

भटक्या कुत्र्याला मालक नाही म्हणून देणारा कोणी नाही, हे मला पटत नाही. धडक देऊन पळालेली गाडी सापडली नाही, तरी केंद्राच्या २०२२ च्या योजनेत मृत्यूला २ लाख आणि गंभीर जखमेला ५० हजार मिळतात. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने खड्ड्यात पडून जीव गेल्यास ६ लाख आणि जखमींना ५० हजारांपासून अडीच लाखांपर्यंत द्यायला सांगितलं, आणि त्यासाठी समित्याही नेमायला लावल्या. खड्डा बुजवला नाही म्हणून पालिका देणं लागते, तर नसबंदी केली नाही म्हणून का नाही?

इतर राज्यांत हे सुरू झालं आहे. केरळमधल्या भरपाईचे अर्ज तपासायला सुप्रीम कोर्टाने २०१६ मध्येच न्या. सिरी जगन समिती नेमली. पंजाब-हरियाणा उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये दर ठरवला: दाताच्या प्रत्येक खुणेला किमान १० हजार, आणि मांस निघालं असेल तर ०.२ सेंटिमीटर जखमेला किमान २० हजार. दात मोजून पैसे देणं ऐकायला विचित्र वाटतं खरं. पण त्या हिशेबाने आमच्या पोराला ४० हजार मिळाले असते. माझी तक्रार एवढीच, की त्या दरात खाडे धरलेले नाहीत. आपण ते धरावेत. जानेवारी २०२६ च्या सुनावणीत सुप्रीम कोर्टानेही राज्यांवर मोठी भरपाई बसवण्याचा इशारा दिला. त्यात कुत्र्यांना खायला घालणाऱ्यांनाही ओढलं गेलं, ते मला रुचलं नाही. गल्लीत पोळी टाकणाऱ्या आजींकडून वसुली करून नसबंदीचा अनुशेष भरून निघत नाही. नसबंदीचं काम ज्याच्याकडे आहे, पैसेही त्यानेच भरायचे.

कोर्टाच्या आदेशाची वाट न बघता आपल्या खात्याने शासन निर्णय काढावा. खड्ड्यांसाठीच्या समित्यांनाच हे काम जोडून द्या, नवी समिती नको. अर्ज क्षेत्रीय कार्यालयात घ्या. ठरावीक मुदतीत पैसे खात्यात जमा होऊ देत, आणि ते महापालिकेच्याच तिजोरीतून जाऊ देत, म्हणजे नसबंदी स्वस्त पडते हे अंदाजपत्रक मांडणाऱ्यांना आपोआप दिसेल. मालक सापडला तर त्याच्याकडून पालिकेने नंतर वसूल करावं, जखमी माणसाने नव्हे.

आणि पुरावा म्हणून केसपेपर आणि लसीचं कार्ड पुरेसं धरा. कृपा करून अर्जासोबत कुत्र्याचा फोटो मागू नका.

आपला,
धायरीचा एक रहिवासी, पुणे