काठ्यांची मापं

ओस्लो, १२ जानेवारी

ती. दादा आणि वहिनींस,
सा. न. वि. वि.

तिकिटं झाल्याचं कळलं, फार बरं वाटलं. फेब्रुवारीत इथल्या शाळांना आठवडाभर हिवाळी सुट्टी असते, त्यामुळे तुमच्याबरोबर अर्धं ओस्लो डोंगरात असेल. मेट्रोची एक नंबरची गाडी फ्रोग्नरसेतेरेनपर्यंत जाते. स्टेशनाबाहेर आलं की स्की पायात अडकवायच्या आणि नूरमार्काच्या जंगलात शिरायचं. स्की आणि बूट भाड्याने मिळतील. काठ्यांचं मात्र मी आधीच ठरवून ठेवणार आहे. दुकानात बुटांसाठी चार जोड चढवून बघतात, काठ्या मात्र कोपऱ्यातल्या पिंपातून उचलून हातात देतात. दिवसभर खांदे भरून येतात ते त्यामुळे.

दादा, तू फोनवर म्हणालास की अजिंक्यताऱ्यावर नेतोस त्याच काठ्या आणतो, उगाच खर्च कशाला. त्या घरीच राहू देत. गड चढता-उतरताना काठी टेकायची ती तोल सांभाळायला आणि गुडघ्यांचा भार हलका करायला, म्हणून ती कोपराइतकी पुरते. इथे आपण सपाटीवरून आणि बेताच्या चढउतारांवरून घसरत जाणार, आणि पुढे सरकायचा बराचसा जोर हातांतून येतो. काठी पावलाजवळ टेकवायची आणि हात कमरेच्या मागे जाईपर्यंत रेटायची. काठी लांब असेल तर रेटाही लांब मिळतो. म्हणून या क्रॉस-कंट्रीच्या काठ्या काखेच्याही वर, खांद्याजवळ येतात.

गुलमर्गच्या व्हिडिओत तू पाहिलंस ते उतारावरचं स्कीइंग निराळं. तिथे वेग उतारच देतो, काठी फक्त वळण घेताना क्षणभर टेकवायची. म्हणून ती आखूड, उंचीच्या साधारण ७० टक्के. ती दुकानात उलटी धरून बघतात. टोकाजवळच्या चकतीच्या खाली मुठीने पकडली की कोपर काटकोनात यायला हवं. आपल्याला त्या काठ्या नकोत. कुणी देऊ केल्या तरी घेऊ नका.

आपला हिशेब उंचीच्या ८३ टक्क्यांचा. तू १७२ सेंटीमीटर, म्हणजे १४३. काठ्या पाच-पाच सेंटीमीटरच्या फरकाने मिळतात, तेव्हा १४० किंवा १४५. नवख्याने खालचं माप घ्यावं असं माझं मत, तेव्हा तुला १४०. वहिनी १५७ असतील तर त्यांना १३०. हे ८३ आलं ते शर्यतींतून. तगडे स्पर्धक पाय मारणं सोडून नुसत्या दोन्ही काठ्या एकदम रेटत जायला लागले. स्वीडनमधल्या वासालोपेतसारखी ९० किलोमीटरची शर्यतसुद्धा कित्येकजण अशीच काढतात. अशा रेटण्याला लांब काठी सोयीची, म्हणून काठ्या वाढत चालल्या. एकाआड एक पाय मारत जायची पारंपरिक चाल नाहीशी होईल या काळजीने आंतरराष्ट्रीय स्की महासंघाने २०१६-१७च्या हंगामापासून त्या चालीच्या शर्यतींत काठीला उंचीच्या ८३ टक्क्यांची मर्यादा घातली. आपल्याला कोण मोजायला येतंय म्हणा, पण आकडा हाताशी बरा.

लांबीनंतर बघायचा तो काठीच्या मुठीला असलेला पट्टा. मला विचारशील तर पैसे टाकायचे ते यावर. पट्ट्यात हात वरून घालायचा नाही. खालून वर घालायचा आणि मग पट्ट्यासकट मूठ धरायची. असं केलं की जोर मनगटावरून पट्ट्यावर येतो आणि बोटांना काठी आवळून धरावी लागत नाही. हात मागे गेला की बोटं उघडायची, काठी पट्ट्याला लटकत राहते आणि हात पुढे आणला की आपोआप मुठीत येते. चांगल्या काठ्यांना हा पट्टा अर्ध्या हातमोज्यासारखा असतो, डावा-उजवा वेगळा, अंगठ्याला स्वतंत्र भोक. दुकानात तो मोजे घालूनच लावून बघायचा. उघड्या हाताला छान बसलेला पट्टा जाड मोज्यावर चढतच नाही.

खालची चकती अर्धचंद्रासारखी असते, तिचा फुगीर भाग मागे. यंत्राने दाबलेल्या वाटेवर लहान चकती पुरते. ताज्या भुसभुशीत बर्फात तीच काठी हातभर आत जाते, तिथे मोठी लागते. आपण आखलेल्या वाटा सोडणार नाही, तेव्हा लहानच.

कार्बनच्या मोहात पडू नकोस. हलकं असतं हे खरं, आणि दुकानदार तेच आधी हातात देतो. पण कुणाच्या स्कीखाली येऊन चरा पडला तर पुढच्या जोराला काडकन मोडतं. ॲल्युमिनियम वाकतं, पण वाकड्या काठीने घरी तरी येता येतं. ॲल्युमिनियमची निमुळती काठी अमेरिकेत सन व्हॅलीच्या एड स्कॉटने १९५८ साली काढली. त्याआधी बांबूच्या आणि पोलादी काठ्या असत. आणि फार पूर्वी तर इथे एकच लांब काठी घेऊन जायचे, तिनेच तोल सांभाळायचा आणि तिच्यावर भार टाकून थांबायचं.

चिन्मयला सांगायला एक गोष्ट. २००६च्या ट्युरिन ऑलिंपिकमध्ये सांघिक स्प्रिंट चालू असताना कॅनडाच्या सारा रेनरची काठी मोडली. एका काठीने ती मागे पडत चालली, तेव्हा कडेला उभ्या असलेल्या ब्योर्नार होकेन्समोएनने तिला काठी दिली. हा गृहस्थ नॉर्वेचा प्रशिक्षक! काठी तिच्या मापाहून लांब होती, पण कॅनडाने रौप्य मिळवलं आणि नॉर्वे चौथा आला. कॅनडाच्या लोकांनी नंतर त्याला मेपल सिरपचे डबेच्या डबे पाठवले. चिन्मयची काठी मात्र काखेपर्यंतचीच घेईन. पोरं पडतात फार, आणि लांब काठी गळ्याजवळ येते. तेवढी उद्यापरवा भिंतीशी उभं करून त्याची उंची मोजा. शाळेच्या दाखल्यावरची नको.

आता आई. तिला घसरायला लावणार नाही, पण रस्त्यावरचा बर्फ गोठून काचेसारखा होतो. बुटाला खालून लावायचे खिळे मी आणून ठेवलेत. शिवाय चालायच्या दोन काठ्या घ्याव्यात म्हणते. त्यांचा हिशेब उंचीच्या ६८ टक्के, म्हणजे तिला १०५च्या आसपास. ती म्हणेल, मी काय एवढी म्हातारी झाले का काठी टेकायला. तिला सांग, म्हाताऱ्या एक टेकतात, इथल्या तरण्याताठ्या बायका दोन घेऊन चालतात. पटलं नाही तर वहिनींना सांगायला सांग, त्यांचं ऐकते.

सगळ्यांच्या उंच्या रविवारपर्यंत कळव. सेंटीमीटरमध्येच, फूट-इंचात नको.

तुझी,
मनू