मोकळ्या आकाशात प्रवासी वाऱ्यावर

महोदय,
१९९४ मध्ये सरकारी हवाई महामंडळांची मक्तेदारी कायद्याने संपली, भाडी उतरली, हे मान्य. पण खासगी विमान कंपन्यांपैकी किंगफिशर २०१२ मध्ये, जेट २०१९ मध्ये, गो फर्स्ट २०२३ मध्ये बंद पडली. आता बहुतेक प्रवासी दोन कंपन्यांच्या हाती आहेत. दिवाळीत माझे पुणे-नागपूर विमान ऐनवेळी रद्द झाले. दुसरे तिकीट तिप्पट दराने! काउंटरवर जाब विचारणाऱ्या वृद्धाला पोलिसांनी दंडाला धरून बाजूला केले. कंपनीच्या माणसाला कुणी साधा प्रश्नही विचारला नाही. कोविडकाळात, मे २०२० ते ऑगस्ट २०२२, सरकारने भाड्याला कमाल मर्यादा घातलीच होती. मग सणासुदीला का नाही? खासदारांनी हे संसदेत विचारावे.

– एक प्रवासी, नागपूर