हायब्रीड वादळ म्हणजे डबल वादळ नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मागच्या रविवारच्या पुरवणीत अमेरिकेतल्या सँडी वादळावर लेख आला होता, लेख चांगला होता पण त्यातल्या चौकटीत लिहिलंय की हायब्रीड वादळ म्हणजे दोन वादळं मिळून झालेलं दुप्पट ताकदीचं वादळ. हे चूक आहे. मी बरीच वर्षं बडोद्यात मराठी शाळेत भूगोल शिकवला, त्यामुळे राहवलं नाही, लगेच लिहायला बसले.

हायब्रीड हा शब्द वादळात जोर किती हे सांगत नाही, तो जोर कुठून येतो हे सांगतो. आपल्याकडची तौक्ते, बिपरजॉय ही गरम समुद्राच्या वाफेवर पोसलेली, पाणी साडेसव्वीस डिग्रीच्या आसपास किंवा वर लागतं, पोटात गरम आणि सगळ्यात जोराचा वारा केंद्राच्या अगदी लगत. थंड देशातल्या वादळांचं तसं नसतं, तिथे गार हवा आणि गरम हवा एकमेकींना भिडतात आणि त्या फरकावर वादळ चालतं, ते पोटात गार असतं आणि खूप पसरट. ज्याच्यात दोन्हीकडचे गुण सापडतात ते हायब्रीड, शास्त्रातलं नाव सबट्रॉपिकल सायक्लोन. त्यात जोराचा वारा केंद्रापासून बराच लांब असतो, म्हणजे नकाशावरच्या टिंबापासून आपण लांब आहोत म्हणून निश्चिंत बसता येत नाही. सांगायची गोष्ट ही आहे आणि चौकटीत नेमकी हीच नाही.

सँडीला २०१२ साली तिथल्या सरकारी हवामान खात्यातल्याच एका अंदाजकाराने फ्रँकेनस्टॉर्म (फ्रँकेनस्टाइनच्या राक्षसावरून) म्हटलं आणि मग सगळीकडे तेच चाललं. पण खरा घोटाळा साध्या शब्दांनी झाला. २९ ऑक्टोबरला न्यू जर्सीच्या किनाऱ्याला लागायच्या जरा आधी सँडी नियमाप्रमाणे हरिकेन, म्हणजे गरम समुद्रावर पोसलेलं जोरदार चक्रीवादळ, राहिलं नव्हतं, आणि हे असं होणार हे आधीच दिसत होतं म्हणून नॉर्थ कॅरोलिनापासून पुढे उत्तरेकडच्या किनाऱ्याला हरिकेनचा इशाराच दिला नाही, दुसऱ्या नावाचे इशारे दिले. समुद्र काही त्यामुळे कमी आत आला नाही, न्यू यॉर्कच्या भुयारी रेल्वेत पाणी भरलं. इन्शुरन्सचंही तेच, हरिकेन म्हटलं की घरमालकाने पदरचा भरायचा हिस्सा वाढतो, इथे हरिकेन नव्हतं म्हणून तो जास्तीचा हिस्सा लावू दिला नाही. नंतर २०१३ मध्ये नियम बदलला, आता वादळाची जात बदलली तरी इशारा चालू ठेवता येतो.

तुम्ही म्हणाल हे सगळं लांबचं, बडोद्याला काय त्याचं. तर २०२४ आठवा. २६ ऑगस्ट, जन्माष्टमी, सकाळपासून पाऊस थांबेना. तेव्हा आपल्यावर होतं ते डीप डिप्रेशन, चक्रीवादळाच्या एक पायरी खालचं, मध्य प्रदेश आणि राजस्थानकडून जमिनीवरूनच आलेलं. पावसाळ्यातलं डिप्रेशन स्वतःच मिश्र जातीचं असतं, खाली गार आणि वर गरम, आणि पाऊस केंद्रापेक्षा नैऋत्येला जास्त पाडतं. त्यात भिजलेली जमीनही वाफ पुरवते, समुद्रासारखी, शास्त्रज्ञ त्याला ब्राऊन ओशन म्हणतात. पेपरात मात्र रोज एकच, कमी दाबाचा पट्टा. ते वाचून सासूबाई म्हणाल्या पट्टाच आहे ना, वावाझोडूं (गुजरातीत वादळ) तर नाही, मग राहूया खालीच. विश्वामित्री नदी ३५ फुटांच्या वर गेली, मगरी वस्तीत आल्या, आमच्या तळमजल्यावर पाणी फ्रीजच्या वरच्या दारापर्यंत. सासूबाईंना खुर्चीत बसवून शेजारच्या मुलांनी वर नेलं.

आणि ३० तारखेला, पाणी उतरल्यावर, मी पत्र्याच्या तुकड्याने ओट्यावरचा चिखल खरवडत होते तेव्हा पुण्याहून भाचीचा फोन, मावशी चक्रीवादळ आलंय म्हणे, असना नाव आहे, बाहेर पडू नका. ते डिप्रेशन तोवर कच्छवरून अरबी समुद्रात शिरून चक्रीवादळ झालं होतं आणि ओमानच्या दिशेने निघालं होतं. आम्ही बुडालो तेव्हा त्याला नाव नव्हतं आणि नाव मिळालं तेव्हा आमचं सगळं होऊन गेलं होतं.

म्हणून विनंती आहे की कमी दाबाचा पट्टा, कमी दाबाचं क्षेत्र, डिप्रेशन, डीप डिप्रेशन हे एकाच अर्थाने छापू नका. पट्टा लांबट असतो, डिप्रेशन गोल फिरतं. वारा ताशी ३१ किलोमीटरला पोचला की डिप्रेशन, ५० ला डीप डिप्रेशन, ६२ ला चक्रीवादळ आणि तेव्हाच नाव. ही सगळी वाऱ्याची मापं आहेत, पावसाचं माप त्यात कुठेच नाही, हे वाक्य दर वेळी बातमीखाली असायलाच हवं. हायब्रीड शब्द खुशाल वापरा, मिश्र वादळ म्हणालात तर अजून बरं, फक्त त्याच्यापुढे महा, राक्षसी वगैरे जोडू नका, आणि वारा कुठवर व पाऊस कुठे हे बातमीत वरच लिहा.

जूनच्या आधी अर्ध्या पानाचा तक्ता छापणार असाल तर मराठी शब्दांसकट मी करून देते, नकाशा हाताने काढलेला चालत असेल तर तोही.

आपली,
एक वाचक, निवृत्त शिक्षिका
बडोदा