दिल्या, मीठ बघावं लागलं रे

मिनियापोलिस,
रविवार रात्र

प्रिय दिल्या,

चार महिने तुझ्या मेसेजांना नुसता अंगठा दाखवतोय, ठाऊक आहे मला. शिव्या राखून ठेव, पुढे लागतील. तब्येत बरी. गुडघा आहे तसाच.

परवा मी बीफचं सूप केलं. हसू नकोस, पूर्ण वाच.

शेजारची म्हातारी खुब्याचं ऑपरेशन करून घरी आलीय. बाहेर उणे २४, आणि तिचा एकच धोशा, नवरा करायचा तसलं सूप हवं. मुलगा टेक्सासात. उरलं कोण? तिच्या स्वयंपाकघरात ती खुर्चीवरून हुकूम सोडतेय आणि मी शेगडीपाशी, श्वास रोखून.

पाउंडभर खिमा, म्हणजे साडेचारशे ग्रॅम. मी सगळा एकदम ओतला, तर पाणी सुटून तो राखाडी उकडत बसला. म्हातारी ओरडली, "ढवळू नकोस, तापू दे!" पाणी आटून तळाला तांबूस खरपुडी धरली तेव्हा कुठं गप्प झाली. सुटलेली चरबी रिकाम्या डब्यात काढायची. सिंकमध्ये ओतली की पाइपात गोठते. मग कांदा, गाजर, सेलरी, बटाटा, कोबी, वर डब्यातला रस्सा. इथलं तमालपत्र वेगळ्याच झाडाचं असतं, दालचिनीसारखा वासच नाही त्याला. मी शहाणपणानं टोमॅटोचा डबा फोडायला गेलो तर हातावर चापट! आंबट आधी पडलं की बटाटा दडदडीत राहतो, तो अर्धा शिजू दे म्हणाली. अरे, आमची आई आमसुलाबद्दल हेच सांगते. मटार सगळ्यात शेवटी.

इथपर्यंत मी सोवळ्यातच होतो. पण म्हातारीच्या जिभेची चव गेलीय. म्हणाली, मीठ तू बघ.

दिल्या, मी बघितलं. एकदा नाही, तीनदा. पहिल्यांदा मीठ कमी होतं. दुसऱ्यांदा बरोबर होतं.

तेव्हापासून तो तवा डोळ्यांसमोरून हलत नाही. १९९४, खोली नंबर १७, वॉर्डनपासून लपवलेला स्टोव्ह. तू कॅम्पातून आणलेला खिमा आपल्या अंड्याच्या तव्यावर गरम केलास, आणि मी तवा खिडकीतून उकिरड्यावर भिरकावला. दीड महिना बोललो नाही. तू शपथा घेत होतास की म्हशीचं आहे, गाय तर १९७६च्या कायद्यानं कधीच बंद झालीय. मी म्हणालो होतो, "कायद्याचं मला सांगू नकोस." (२०१५ पासून तुमच्याकडे बैलही बंद. म्हैस अजून चालते, म्हणजे तुझा बचाव आजही टिकतो. माझा कुठला टिकणार? मी खाल्लं ते म्हशीचं नव्हतं, एवढं नक्की.) आणि चूक माझी असली तरी एक सांगतो, त्या दिवशी स्टोव्हची वात तूच जाळलीस.

पुढची गंमत अशी, की म्हातारीनं डबा भरून दिला. नाही म्हणवलं नाही. घरी आणला, गॅरेजमध्ये ठेवला, दगड झालाय. सुमीनं विचारलं, काय आहे? मी म्हणालो, आमटी. आपल्या घरात कुणी आमटी गॅरेजमध्ये ठेवतं का? ती काही बोलली नाही, हेच वाईट. आई मेमध्ये येतेय. तिला सांगू? तिसऱ्यांदा चमचा का घातला, हे मात्र तुझ्याशिवाय कुणाला सांगता येणार नाही.

चिमीचं लग्न ठरलं म्हणे, अभिनंदन! मुलगा काय करतो? बँकेचं तुझं मिटलं का? वहिनींना नमस्कार. सविस्तर लिही, अंगठा नको.

तो तवा तुझ्या आईनं दिला होता ना? त्यांनी कधी विचारलं का रे?

डबा अजून गॅरेजमध्येच आहे. गुरुवारपासून थंडी ओसरणार म्हणतायत, तेव्हा बुधवारच्या आत फोन कर.

तुझा,
शिऱ्या